चुकून लागलेला हात

१

सकाळी नऊला मी चहाचा कप घेऊन टेबलाशी बसते आणि दिवसभर मुंग्यांएवढी अक्षरं वाचते. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला तो पातळ कागद असतो ना, जो तुम्ही न वाचता फेकून देता? तो छपाईला जाण्याआधी शेवटची वाचणारी बाई मी. दुरुस्त्याही मीच करते. "दिवसातून दोनदा"चं "दर दोन तासांनी" झालं तर कोणाच्या तरी जिवाशी खेळ होतो, म्हणून डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एकही चूक छापून गेलेली नाही. ही फुशारकी नाही. बरं, आहे थोडी.

तर यंदा कंपनीने नवा लॅपटॉप दिला आणि माझ्या डोक्याला ताप झाला. कीबोर्डच्या खाली तो गुळगुळीत चौकोन असतो, टचपॅड, ज्यावर बोट फिरवून पडद्यावरचा बाण हलवतात. या नव्या यंत्रात तो एवढा ऐसपैस की हात ठेवायला जागाच उरलेली नाही. टाइप करताना तळहाताची कड जरा टेकली की कर्सर उडी मारून भलत्याच ओळीत जातो. मी खाली लिहितेय आणि अक्षरं वर उमटताहेत. एकदा तर "गरोदर स्त्रियांनी घेऊ नये" यातला "नये" पुसला गेला आणि मला पत्ताच नाही. तिसऱ्या वाचनात सापडला, नाहीतर माझी एकोणीस वर्षं पाण्यात गेली असती.

अण्णांना फोनवर सांगितलं तर ते हसले. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. हात अधांतरी ठेवायचे, मनगट टेकवायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा आणि तोच शेवटचाही.

"मनगट टेकवतेस तू," ते म्हणाले. "लहानपणी एवढ्या पट्ट्या खाल्ल्यास तरी खोड गेली नाही."

अण्णांची नजर गेली त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर घरात दोनदा पडले. दुसऱ्या वेळी मी शेजारच्याच खोलीत दार लावून काम करत होते, आणि ते अर्धा तास मला हाका मारत होते. मग मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून त्यांना एका निवासात ठेवलं. वृद्धाश्रम म्हटलेलं त्यांना चालत नाही. ते होस्टेल म्हणतात. "होस्टेलचा चहा पाणचट आहे," वगैरे.

तिथे त्यांना चार नंबरची खोली मिळाली. ती त्यांनी तीन आठवडे खपून पाठ केली. पलंगापासून दार सहा पावलं, दारापासून बाथरूम चार, खिडकीची कडी खांद्याच्या उंचीवर. पाठ झाल्यावर ते तिथे असे वावरायला लागले की नव्या माणसाला ते आंधळे आहेत हे सांगावं लागायचं. मी पहिल्यांदा भेटून निघाले तेव्हा त्यांनी माझा हात धरून एकच गोष्ट मागितली.

"खोली बदलू देऊ नकोस. दुसरी खोली शिकण्याएवढं डोकं आता उरलं नाही माझ्याकडे."

"कोणाची बिशाद आहे?" मी म्हटलं. "मला विचारल्याशिवाय तिथलं पानही हलणार नाही."

आणि ते खरं होतं. तिथल्या मेट्रन फार शिस्तीच्या. घरच्यांना विचारल्याशिवाय त्या उशीसुद्धा बदलत नाहीत. प्रत्येक गोष्टीसाठी लॅपटॉपवर निरोप येतो आणि खाली दोन बटणं असतात, "संमती आहे" आणि "संमती नाही". रोज सकाळी कामाला हात घालण्याआधी मी उत्तरं देऊन टाकते. नखं कापायची का, संमती आहे. फ्लूची लस, संमती आहे. दुपारी टीव्हीच्या खोलीत बसवायचं का, संमती नाही, कारण त्या रडक्या मालिका ऐकून अण्णांचं डोकं फिरतं.

२

त्या सकाळी निरोप होता: "चार नंबरच्या खोलीत ओल आली आहे. भिंतीचं काम होईपर्यंत सात नंबरमध्ये हलवण्यास संमती आहे का?"

मी मनात मेट्रनला चार शब्द सुनावले. ओल काय आज आली? भिंतीला पोपडे धरेपर्यंत झोपा काढत होता का? एका बोटाने बाण "संमती नाही"कडे नेला. दुसऱ्या हाताने पत्रकांचा गठ्ठा पुढे ओढत होते. तळहाताची कड टचपॅडला लागली, बाण सर्रकन डावीकडे घसरला आणि टक असा आवाज झाला.

"संमती नोंदवली. आभारी आहोत."

मी फोन केला. सात मिनिटांनी लाइन मिळाली तेव्हा मेट्रन म्हणाल्या, "हलवलं पण, ताई."

"एवढ्यात?"

"तुमचं हो आलं ना. मग थांबायचं कशाला?"

सकाळच्या वेळी तिथे एक साधी गरम पाण्याची बादली मागितली तर पाऊण तास लागतो. पण खोली बदलायला त्यांना सात मिनिटं पुरली. याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. मी मात्र वाद घालण्यात दंग होते. भिंत वाळली की परत चारमध्ये आणू, एवढं कबूल करून घेतलं आणि अण्णांना फोन लावला. त्यांचा मोठ्या बटणांचा फोन कायम गळ्यात असतो.

"तू हो म्हणालीस म्हणे," ते म्हणाले.

"अण्णा, हात घसरला माझा. चुकून लागला."

त्यांनी तिकडे टाइप केल्यासारखी बोटं वाजवली. मग म्हणाले, "मनगट."

"हो, मनगट."

"जाऊ दे. सात नंबर शिकतो. थोडे दिवस तर आहेत."

एवढ्या चांगुलपणाने बोलले की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३

आमच्या कोपऱ्यावर लॅपटॉप दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. चष्मा कपाळावर, स्क्रू तोंडात, आणि जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर वैतागलेला. त्यामुळे आमचं छान जमतं.

"हात लागतो? मग बंद करून टाका ना," तो म्हणाला. "माउस जोडा आणि टचपॅडला सुट्टी द्या. अर्ध्या गावाने दिली आहे."

त्याने सेटिंग उघडली, टचपॅडच्या नावापुढचं बटण बंद केलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी बोट फिरवून पाहिलं. बाण जागचा हलला नाही. तळहात टेकवला, रगडला, काही नाही.

"नीट बंद झालंय ना?"

"ताई, मुळात हे भारी नखरेल असतं. पेन फिरवा, दाद देत नाही. हातमोजा घालून फिरवा, दाद देत नाही. त्याला जिवंत कातडी लागते. आता जिवंत कातडीलाही दाद देणार नाही. जा निवांत."

मी निवांत गेले. आठ दिवस सुखाचे गेले. मनगट टेकवून, कोपरं टेकवून, वाटेल तशी बसून मी काम केलं. पत्रकं वेळेआधी गेली.

नवव्या सकाळी निरोप आला. "सात नंबर दोघांसाठी वापरायची आहे. अकरा नंबरमध्ये हलवण्यास संमती आहे का?"

चहाचा पहिला घोटसुद्धा घेतला नव्हता. अंगाचा नुसता तिळपापड झाला. माउसने बाण "संमती नाही"वर नेऊन ठेवला, आणि मेट्रनला फोनवर काय काय ऐकवायचं ते जुळवत कप उचलायला हात काढला. उजव्या हातात कप होता. डावा हात मांडीवर होता. हे मी शपथेवर सांगू शकते, कारण त्या हाताने मी मांडीवरचा नॅपकिन धरला होता.

टक.

माउसचा आवाज मला माहीत आहे. तो बारीक आणि टणक असतो. हा जाड होता, दबका होता आणि कीबोर्डच्या खालून आला होता. मी पाहिलं तर बाण "संमती आहे"वर उभा होता.

४

माणसाचं डोकं आधी जवळच्यांवर जातं. माझंही गेलं. निवासाचं ते खातं भावानेच उघडून दिलं होतं आणि पासवर्डही त्यानेच ठेवला होता. तो शाळेत शिकवतो. मधल्या सुट्टीत मी त्याला फोनवर गाठलं.

"हे तू केलंस का?"

"काय केलं?"

"अण्णांना अकरा नंबरमध्ये टाकलं. माझ्या नावाने उत्तर दिलंस."

तो मुलांच्या गलक्यातून बाजूला गेला. मग म्हणाला, "ताई, थांब, बघतो." त्याने तिकडे काहीतरी उघडून पाहिलं. "नऊ वाजून बारा मिनिटं. तुझ्या लॅपटॉपवरून, तुझ्या घरून. मी तेव्हा वर्गात होतो. चाळीस साक्षीदार आहेत, हवे तर पाठवतो."

"मी दाबलेलं नाही."

"मागच्या वेळीही तू हेच म्हणालीस."

"मागच्या वेळी हात लागला होता."

"ताई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा समजूतदार झाला की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, "तुला अण्णांचं जड होत असेल तर सरळ सांग. मी तुला नावं ठेवणार नाही. पण माझ्यावर ढकलू नकोस."

पाठीत खंजीर खुपसल्यासारखं झालं. लहानपणी शाळेत याच्या वाटचा मार मी खाल्ला आहे. आता हा मला समजून घेणार होता. मी फोन ठेवला, पासवर्ड बदलला आणि तो कुठेही लिहून ठेवला नाही. मग मेट्रनना फोन करून ठणकावलं की आजपासून माझ्याशी बोलल्याशिवाय काही करायचं नाही. त्या म्हणाल्या, "ताई, लेखी हो आल्यावर तोंडी नाही कसं धरायचं? आमचीही नोकरी आहे."

५

दुसऱ्या सकाळी काम टाकून अण्णांकडे गेले. निवासाची इमारत लांबट आहे. एकच बोळ, डाव्या हाताला खोल्या, उजव्या हाताला खिडक्या. फरशी इतकी पुसलेली की स्वतःच्या चपलांचा आवाज दोनदा ऐकू येतो. चार नंबरचं दार उघडंच होतं. मी डोकावले. आत ना गवंडी, ना रंगारी. भिंतीवर हात ठेवून पाहिला तर भिंत कोरडी ठणठणीत होती.

अकरा नंबर सगळ्यात शेवटी. त्यापुढे भिंत आणि भिंतीवर आग विझवायचा लाल नळकांडं. अण्णा आत खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, जणू उठलं तर खुर्चीही हरवेल. नडगीवर हिरवंनिळं झालं होतं, पलंगाची कड लागून. चार नंबरमध्ये राज्य करणारा माणूस इथे पाहुण्यासारखा बसला होता.

"कोण?" ते म्हणाले.

"मी, अण्णा."

"आज बोलतेस वाटतं."

मला कळेना. "म्हणजे?"

"काल तोंडातून अक्षर काढलं नाहीस. त्याआधी चारमधून नेलंस तेव्हाही नाही; नंतर फोन केलास तेव्हा मीच तो विषय काढला नाही. आलीस, मनगट धरलंस आणि चालायला लागलीस. मी विचारतोय, कुठे नेतेस गं, कुठे नेतेस. उत्तर नाही."

माझं डोकं अजून शाबूत होतं. डोकं म्हणालं, वय झालं, दिसत नाही, कोणीतरी मावशी असणार.

"अण्णा, मी नव्हते. मी दोन्ही वेळा घरी होते. इथल्या कोणीतरी मावशी असतील."

"चाळीस वर्षं लोकांचे हात धरून शिकवलं मी," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा हात मी तुझा समजेन का? नेतेस तर ने. तुझी अडचण असेल. पण वर मला वेडा ठरवू नकोस."

त्यांनी तोंड फिरवलं. ते जिकडे फिरवलं तिकडे भिंत होती, पण त्यांना ते माहीत नव्हतं. मी त्यांच्या पायाला मलम लावलं. त्यांनी लावू दिलं.

बाहेर त्या बाजूच्या मावशी फरशी पुसत होत्या. मी विचारलं, काल अण्णांना इकडे कोणी आणलं?

"आम्ही सामान उचलायला गेलो तर खोली रिकामी," त्या म्हणाल्या. "इकडे येऊन बघतो तर बाबा आधीच खुर्चीत बसलेले. म्हटलं तुम्ही आला असाल, तुम्हीच बसवून गेला असाल. तुम्ही नव्हता का?"

"मी नव्हते."

"मग आलं असेल कोणीतरी," असं म्हणून त्यांनी फडकं पिळलं.

६

घरी येऊन मी टचपॅडवर पुठ्ठा लावला. औषधाचंच एक रिकामं खोकं कापलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली, कोपरे नखाने दाबले. मुंगी शिरायला फट ठेवली नाही. हसू नका. बंद असलेल्या वस्तूवर झाकण ठेवणारी बाई वेडी असते हे मलाही कळतं. पण कडी लावल्यावर आपण दार एकदा ओढून बघतोच ना?

तीन दिवस काही झालं नाही. फक्त काम करताना मधूनमधून घसघस असं काहीतरी ऐकू यायचं, फार हलकं. मी टाइप करायची थांबले की तेही थांबायचं. पंखा असेल, मी म्हटलं. लॅपटॉपच्या पोटात छोटा पंखा असतो. आम्हा दोघींचं थांबणं एकाच वेळी होत होतं, एवढंच.

चौथ्या सकाळी चिकटपट्टी सोडवून पुठ्ठा उलटा केला. वरची बाजू कोरी होती. आतल्या बाजूला एक पट्टा झिजून चकचकीत झाला होता. बोटाएवढा रुंद, उजवीकडून डावीकडे गेलेला. डाव्या टोकाला एक गोल खळगा पडला होता, पुन्हा पुन्हा दाबल्यासारखा.

मी तो पुठ्ठा हातात धरून बराच वेळ बसले.

आता एक गोष्ट सांगते. ती मी अण्णांना सांगितली नाही, भावाला नाही, आणि वरती तुम्हालाही नाही. पहिल्या वेळी हात खरंच घसरला होता. ते खोटं नाही. पण "संमती नोंदवली" याच्या खाली दहा सेकंद एक बटण दिसतं, "रद्द करा". चुकून लागणाऱ्या हातांसाठीच ठेवलेलं. दहा, नऊ, आठ असे आकडे उतरत जातात. मी ते आकडे बघत बसले. मनात आलं, होऊ दे. नाही म्हटलं की मेट्रनचा फोन, त्यावर वाद, परत दुसरा निरोप. दुपारपर्यंत तीन पत्रकं द्यायची होती. आणि माझा काय दोष, हात तर घसरला होता. चार, तीन, दोन. बोटाखालचा बाण "रद्द करा"च्या अगदी शेजारी होता. मी बोट हलवलं नाही. आकडा संपल्यावर मग फोन केला, तोही स्वतःला बरं वाटावं म्हणून. दुसऱ्या वेळी मात्र मी माउस हाती घेईपर्यंत आकडे संपले होते.

अण्णांच्या हाका अर्धा तास ऐकू आल्या नाहीत असंही मी सांगते. पहिल्या दोन ऐकू आल्या होत्या. वाटलं, चष्म्याची डबी मागत असतील. हातातली ओळ संपवून उठू, असं म्हटलं.

लॅपटॉप उचलला आणि तडक कोपऱ्यावर गेले. "हे काढून टाका," मी दुरुस्तीवाल्याला म्हटलं.

"बंद आहे की."

"तार काढा. तोडा. काहीही करा."

माझ्याकडे एक नजर टाकून त्याने वाद घातला नाही. खालचं झाकण उघडलं आणि टचपॅडकडे जाणारी चपटी केशरी पट्टी चिमट्याने उपसून माझ्या हातावर ठेवली. "आता हा नुसता काचेचा तुकडा आहे," तो म्हणाला. झाकण लावण्याआधी त्याने टचपॅडच्या पाठीवर अंगठा ठेवला आणि लगेच उचलला.

"काय झालं?"

"काही नाही. कोमट आहे. बॅटरी तापली असेल."

लॅपटॉप माझ्यासमोर त्याने उघडला होता आणि तो बंदच होता. सकाळपासून मी तो सुरूही केला नव्हता.

७

पुढच्या सोमवारी, सव्वानऊला, निरोप आला.

"अकरा नंबरमधून बारा नंबरमध्ये हलवण्यास संमती आहे का?"

कारण दिलेलं नव्हतं. एरवी मेट्रन कारण दिल्याशिवाय राहत नाहीत. मी काहीच दाबलं नाही. माउसला बोट लावलं नाही. लॅपटॉप मिटला आणि फोन लावला.

"काहीही झालं तरी अण्णांना हलवू नका," मी म्हटलं.

"कुठे हलवणार, ताई? आज आम्ही तुम्हाला काही पाठवलंच नाही."

"बारा नंबरमध्ये."

"आमच्याकडे अकराच खोल्या आहेत," मेट्रन म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

"तुम्ही आत्ता त्यांच्याजवळ जाऊन बसा. मी येईपर्यंत उठू नका. पाया पडते तुमच्या."

असं मी कोणाला कधी म्हटलेलं नाही. त्या म्हणाल्या, "जाते, जाते," आणि फोन बंद झाला. मला खरं म्हणजे तेव्हाच चपला घालून निघायला हवं होतं. पण लॅपटॉपकडे पाठ करायची हिंमत होईना. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले. माझे हात माझ्या ताब्यात आहेत, एवढं तरी मला पक्कं माहीत हवं होतं.

मिटलेल्या लॅपटॉपच्या आत घसघस झाली. घाई नव्हती त्यात. एक लांब ओढ, उजवीकडून डावीकडे. मग टक.

मी झडप घालून झाकण उघडलं. "संमती नोंदवली. आभारी आहोत." खाली "रद्द करा", आणि आकडा दहा. मी माउस ओढला. बाण हलला नाही. माउस आपटला, गोल फिरवला, कीबोर्डवरची सगळी बटणं बडवली. आठ. सात. बाण "रद्द करा"च्या अगदी शेजारी उभा होता, बोटभर अंतरावर, आणि तसाच उभा राहिला. तो अडकला नव्हता. तो थांबला होता. मी त्या दिवशी थांबले होते तसाच.

आणि टचपॅडच्या काळ्या काचेवर वाफ धरली होती. मी बोटाने पुसली. पुसली गेली नाही, कारण ती वरून नव्हती. आतल्या बाजूने एका तळहाताची कड टेकलेली होती. करंगळीच्या खालचा मांसल भाग आणि त्याला लागून मनगट, पूर्ण भार देऊन टेकवलेलं. तेवढंच दिसलं. शून्य झाल्यावर ती कड उचलली गेली आणि काच पुन्हा काळी झाली.

मी अण्णांच्या गळ्यातल्या फोनवर फोन लावला. सहा वेळा वाजला. मग त्यांनी उचलला.

"कोण?"

"मी, अण्णा. कुठे आहात?"

पावलं ऐकू येत होती. त्यांची घासत जाणारी आणि त्यांच्या जोडीने दुसरी, माझ्या चपलांसारखी. निवासाचा बोळ एव्हाना संपायला हवा होता. पावलं चालत होती.

"थांबा," मी म्हटलं. "आहात तिथेच थांबा. हात सोडवून घ्या. मी तुमच्याजवळ नाहीये, अण्णा. मी घरी आहे, माझ्या टेबलाशी."

पावलं थांबली, दोघांचीही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. ते ऐकत होते. मला वाटलं, आता पटेल. आता खरं सांगितलं तरच पटेल.

"पहिल्या वेळी चुकून नव्हतं ते," मी म्हटलं. "हात लागला, पण मला थांबवता येत होतं. मी थांबवलं नाही. तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही पडलात त्या दिवशी तुमच्या हाकाही ऐकू आल्या होत्या मला. काय शिक्षा द्यायची ती द्या, पण त्या हाताबरोबर जाऊ नका."

मग अण्णा बोलले. चुकीचा नंबर लागलेल्या माणसाशी ते कायम बोलतात त्या आवाजात, अगदी सौम्यपणे.

"तुम्ही कोण बोलताय, मला माहीत नाही," ते म्हणाले. "माझी मुलगी असं कधी करणार नाही. ती इथे आहे, माझ्याजवळ."

आणि फोन ठेवता ठेवता, मला नव्हे, त्यांच्या शेजारी जी कोणी होती तिला, म्हणाले, "चल गं."